दुधाचं काम कोण करणार?

लेकीनं व्हीगन व्हायचं ठरवलं तेव्हा घरात भांडण झालं नाही, मोजदाद मात्र सुरू झाली. मटण-मासे तिनं आधीच सोडले होते, त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, खवा, मध असं सगळं एकदम बंद. माझं माहेर सांगलीकडचं. दारात म्हैस, ताकाशिवाय जेवण उरकलं असं कुणी म्हणायचं नाही. सासर मालवणचं. तिथं दुधाचं एवढं प्रस्थ नाही, पण सासूबाईंना पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, की सकाळच्या दुधाच्या चहावर आणि दुपारच्या दहीभातावर त्यांचाही हक्क बसलाय.

मग एक दिवस लेकीनं एक नवं कोरं जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. इंग्लंडात छापलेलं, प्रत्येक पानावर मन भुलवणारे फोटो. व्हीगन स्वयंपाकाचं. खायचं तिनं, पुस्तक मला! मी एकच अट घातली. यातलं जे करीन ते सगळ्या घरानं खायचं. दोन चुली मांडणार नाही.

पहिला आठवडा किराणा दुकानात पाकिटं उलटीसुलटी करण्यात गेला. हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त असतो, पण तो फक्त शाकाहाराचा. दुधाची भुकटी त्यात खुशाल असू शकते, आणि असतेही: बिस्किटांत, काही ब्रेडमध्ये, सूपच्या पाकिटांत, ज्याला डार्क म्हणतात अशा चॉकलेटांत सुद्धा. देशातल्या खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेनं २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणले. त्यांचं चिन्ह हिरव्या चौकटीतलं इंग्रजी व्ही आणि त्याला पान. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हे चिन्ह शोधायला गेले तर मालकांनी चष्मा काढून माझ्याकडेच पाहिलं. त्यापेक्षा घटकांची यादी वाचणं सोपं. चकली, शेव, चिवडा, लाह्या, कुरमुरे, गुडदाणी यांत बहुधा अडचण नसते. लादीपावाचं बेकरीवाल्यालाच विचारावं. आमच्याकडचा म्हणाला, ‘काकू, पावात दूध घालायला परवडतं कुणाला?’

पुस्तकातली भाज्यांची आणि डाळींची प्रकरणं मी भराभर उलटली. त्यात नवं फारसं नव्हतं असं म्हटलं तर लेखिकेवर अन्याय होईल. तिच्या वाचकांना ते नवं असणार. पण ज्या घरात पिठलं, ठेचा, भरली वांगी, वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी हे सगळं कुणाचीही परवानगी न घेता वर्षानुवर्षं शिजतंय, तिथं मसूर शिजवायला फोटो लागत नाही. कोवळ्या फणसाचा बर्गर मात्र केला. त्यासाठी पुस्तक डबाबंद, खाऱ्या पाण्यातला फणस आणायला सांगतं. सासूबाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगो, ही कुयरीची भाजी. पावात कोंबल्यानी इतकाच.’ कुयरी म्हणजे मालवणीत कोवळा फणस. त्यांनी मग मोहरीची फोडणी, ओलं खोबरं घालून त्यांच्या पद्धतीची केली आणि बर्गरपेक्षा तीच संपली. यात पुस्तकाचा काही दोष नाही.

खरी परीक्षा होती दूध-दही-चीज-अंड्याच्या प्रकरणांची. तिथं मी एक पद्धत ठरवली. कृती वाचायची आणि बाजूला पेन्सिलीनं लिहायचं, की मूळ पदार्थात दूध किंवा अंडं नेमकं काय काम करत होतं. आंबटपणा देत होतं? दाटपणा? स्निग्धपणा? बांधून ठेवत होतं? फुगवत होतं? हे कळलं की तेवढ्याच कामाचा माणूस नेमायचा. जिथं पुस्तक ‘हे हुबेहूब चीजसारखं लागतं’ म्हणतं तिथं मी प्रत्येक वेळी निराश झाले. जिथं एकाच कामापुरता बदल होता तिथं बहुतेक वेळा जमलं.

सुरुवात टोफूनं, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरानं केली, कारण सोयाबीन आपल्याकडचंच. लातूरच्या बाजारात त्याचे ढीग लागतात, मराठवाडा-विदर्भात शेतं भरलेली असतात, आणि आपण मात्र ते तेल काढून झाल्यावर उरलेल्या वड्यांच्या रूपात खातो. त्या वड्यांचा वास मला कधीच आवडला नाही. सोयाबीनच्या दुधालाही तोच हिरवट, कच्च्या शेंगेचा वास येतो. दाणा भरडला जाऊन त्याला पाणी आणि हवा लागली की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि हा वास तयार होतो. उष्णतेनं ते विकर निकामी होतं. म्हणून गार पाण्यात न वाटता कढत पाण्यात वाटायचं. एवढी एक गोष्ट पुस्तकानं मला नीट शिकवली.

रात्रभर भिजवून दाणे दुप्पट झाले की चोळून सालं काढायची. कढत पाणी घालून जपून, थोडं थोडं वाटायचं, कारण मिक्सरचं झाकण वाफेनं उडतं. धुवट पंच्यातून गाळून ते दूध मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवायचं. मोठ्याच पातेल्यात! सोयाबीनचं दूध म्हशीच्या दुधापेक्षा कितीतरी बेभरवशाचं. उकळी यायच्या आधीच फेसाचा डोंगर वर येतो. आणि उकळी आली म्हणून लगेच उतरवायचंही नाही, चांगली दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर राहू द्यायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते अशा शिजवण्यानं निष्प्रभ होतात.

मग ते नासवायचं. पुस्तक म्हणतं निगारी वापरा. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून घेतल्यावर मागं जे कडवट पाणी राहतं, त्यातलं हे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. मी आधी लिंबाचा रस पाण्यात मिसळून घातला. टोफू झाला, पण भुसभुशीत आणि किंचित आंबट, पनीरचा गरीब चुलतभाऊ. पुढं निगारीची भुकटी मागवली. चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून, दूध उकळीवरून जरा खाली आल्यावर, न ढवळता हळूच वर सोडली. थोड्या वेळात पिवळसर पाणी वेगळं झालं आणि ढगासारखे मऊ गोळे वर आले. पंच्यात बांधून वर वरवंटा ठेवला. अर्ध्या-पाऊण तासानं सुरीनं कापता येईल अशी वडी मिळाली, गोडसर आणि मऊ.

पंच्यात उरलेला चोथा टाकवेना. तो आपण दूध उकळण्याआधीच गाळलेला, म्हणजे कच्चाच असतो, तेव्हा नीट शिजेल अशाच पदार्थात घालावा. मी थालीपिठाच्या भाजणीत मिसळते. कांदा, तीळ, तिखट घालून मंद आचेवर, झाकण ठेवून. थालीपीठ खुसखुशीत होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

टोफूची भुर्जी हा पुस्तकातला पहिला पदार्थ, जो आमच्या ह्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. ह्यांची रविवार सकाळ अंड्याच्या भुर्जीशिवाय सुरू होत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, हळद हे सगळं नेहमीचं, टोफू हातानं कुस्करून. यातली खरी चलाखी काळ्या मिठाची. काळ्या मिठात गंधकाची संयुगं असतात, उकडलेल्या अंड्यालाही वास असतो तो तसल्याच संयुगांचा. पण हे मीठ सुरुवातीला घातलं तर वास तव्यावरच उडून जातो. गॅस बंद करून, वरून भुरभुरायचं. आपण इतकी वर्षं ते पन्ह्यात आणि कापलेल्या पेरूवर घालत होतो!

आता दही. पुस्तकात काजूचं दही होतं, विरजण म्हणून प्रोबायोटिकची कॅप्सूल फोडून घालायची. काजूचा भाव बघता दह्यासाठी काजू वाटणं मला पटेना. शिवाय ते रात्रभर ‘ओट्यावर’ भिजत ठेवायला सांगतात. इंग्लंडातला ओटा आणि पुण्यातला एप्रिलमधला ओटा यात फरक आहे. इथं सकाळी त्या पाण्याला फेस आलेला असतो. भिजवायचेच तर चार तास पुष्कळ, नाहीतर फ्रिजमध्ये.

दही मी शेंगदाण्याचं लावलं. ही कृती पुस्तकातली नाही. व्हीगन मंडळींमध्ये आपल्याकडं ती तोंडोतोंडी फिरते, मला लेकीच्या मैत्रिणीच्या आईनं सांगितली. दाणे भिजवून सोलायचे, वाटीला तीन वाट्या पाणी घेऊन बारीक वाटायचे, गाळायचे, आणि ते दूध सतत ढवळत दाटसर होईपर्यंत उकळायचं. बोट बुडवलं तर सोसेल इतकं कोमट झालं की त्यात धुतलेल्या हिरव्या मिरच्यांचे आठ-दहा देठ सोडायचे. देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. झाकून उबेला ठेवायचं. पहिलं दही नीट लागत नाही आणि त्याला मिरचीचा वास येतो. ते खायला नाहीच, पुढच्या दह्याचं विरजण म्हणूनच वापरायचं. दुसरं बरं, तिसरं चांगलं.

चांगलं म्हणजे कसं? कवडी पडत नाही. चमचा घातला की पाणी सुटतं. रंग मळकट पांढरा. पण आंबटपणा खरा, आंबवलेला, लिंबू पिळून आणलेला नव्हे. म्हणून जिथं दह्याचं काम आंबटपणाचं आहे तिथं ते चोख करतं. कढी उत्तम झाली. आलं, मिरची, कढीपत्ता, थोडं बेसन. चव कढी आणि उपासाच्या दाण्याच्या आमटीच्या मधली कुठली तरी, पण भातावर हवीहवीशी. काकडीची कोशिंबीर केली तर दाण्याच्या दह्यात दाण्याचं कूट पडलं आणि सगळं एकाच चवीचं झालं. तिथं कूट वगळून ओलं खोबरं घालावं. दहीभाताला मात्र हे दही उपयोगाचं नाही. दहीभातात दह्याचा गारवा आणि साय दोन्ही लागतात. सासूबाईंनी एक घास खाल्ला, वाटी पुढं सरकवली आणि सोलकढी करायला घेतली. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

नारळाच्या दुधाबाबत मी पुस्तकापेक्षा सासूबाईंचं ऐकलं. पुस्तकात नारळाचं दूध डब्यातलं असतं आणि ते खुशाल खळखळ उकळायला सांगतात. डब्यातल्या दुधात ते फाटू नये म्हणून बहुधा काही ना काही घातलेलं असतं. घरी काढलेल्या रसाला तसं उकळलं तर तेल आणि पाणी वेगळं होतं. आधी पातळ रसात शिजवायचं, जाड रस शेवटी, आणि मग फक्त वाफ येईपर्यंत ढवळत राहायचं. मालवणात नारळाच्या रसात गूळ घालून त्यात शिरवळ्या (तांदळाच्या शेवया) खातात, खापरोळ्या खातात, ते सगळं आधीपासूनच बिनदुधाचं. लेकीला पुडिंगची आठवण येते तेव्हा तेच करते.

पुस्तकात एक पांढरा सॉस आहे. भिजवलेले काजू, लसूण, लिंबू, मीठ आणि न्यूट्रिशनल यीस्टचे पिवळे पापुद्रे. हे यीस्ट मेलेलं असतं, त्यानं पीठ फुगत नाही. ते केवळ चवीसाठी, चीजसारखा खमंगपणा आणायला. लेकीला फार आवडतं. मला त्याचा वास मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीसारखा वाटतो, आणि किंमत बघून तो वास आणखीच तीव्र होतो. पहिल्यांदा पुस्तकाप्रमाणे सगळं करून पास्त्यावर ओतलं. मुलांनी खाल्लं.

पण तो सॉस गॅसवर दाट होताना मी हात थांबवून बघत राहिले, कारण हे दाट होणं माझ्या ओळखीचं होतं. पांढऱ्या रश्शाचं वाटण! कोल्हापूर-सांगलीकडं पांढऱ्या रश्शाला खसखस, तीळ, काजू वाटून लावतात आणि वर नारळाचं दूध. त्यात गाईम्हशीच्या दुधाचा थेंब नसतो. दाटपणाचं आणि स्निग्धपणाचं जे काम मी पुस्तकात शोधत होते ते माझ्या आईच्या पाट्यावर कधीचं चाललेलं होतं. अडचण एवढीच की त्या रश्शाचा प्राण मटणाच्या अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात असतो.

मग मी त्या अळणीच्या मागं लागले. इथं पुस्तकाचा पुन्हा उपयोग झाला. त्यात सुक्या शिताके मशरूमचं सूप आहे. ही मशरूमं सुकल्यावर त्यांची चव घट्ट होते. गार पाण्यात भरपूर वेळ भिजवली की ते पाणी मांसाच्या सुपासारखं भरीव लागतं. ते घेतलं, त्यात भाजलेला कांदा, आल्याचे तुकडे, दालचिनी, लवंग, वेलदोडे, मिरी घालून मंद उकळलं, गाळलं. तेलात खडा मसाला आणि हिरव्या मिरच्या, त्यावर खसखस-तीळ-काजूचं वाटण कच्चेपणा जाईपर्यंत परतलं, मग हे पाणी, आणि शेवटी जाड नारळरस. रंग पांढरा आला नाही. शिताकेचं पाणी तपकिरी, त्यामुळं रस्सा गव्हाळ झाला. ह्यांनी वाटी तोंडाला लावली आणि विचारलं, ‘हाड कुठंय?’ मी ते प्रशस्तिपत्रक समजते. रंगासाठी पुढं साधी पांढरी बटण मशरूमं वापरून पाहिली. रंग आला, चव पातळ झाली. दोन्हींपैकी मी गव्हाळ रस्सा निवडला. माहेरच्यांना मात्र फोटो पाठवलेला नाही.

त्या मानानं केक सोपा निघाला. अंड्याऐवजी जवसाची पूड: चमचाभर पुडीला तीन चमचे पाणी, दहा मिनिटांत ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. बांधायचं काम ते करतं. फुगवायचं करत नाही, ते सोडा आणि व्हिनेगर करतात. दोन्ही एकत्र झाले की लगेच भांडं ओव्हनमध्ये जायला हवं, नाहीतर वायू निघून जातो. कोकोच्या केकमध्ये जवसाची चव झाकली जाते. साध्या व्हॅनिला केकमध्ये जवसाची चटणी आठवते.

हरभऱ्याच्या पाण्याचं मेरँग ही पुस्तकातली सगळ्यात चमत्कारिक कृती. मेरँग म्हणजे एरवी अंड्याचं पांढरं साखरेबरोबर फेटून, भट्टीत सुकवून केलेला गोड, कुरकुरीत पदार्थ. काबुली चणे शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं, हे फ्रान्समधल्या जोएल रोसेल नावाच्या गायकानं २०१४ साली दाखवून दिलं. पुढच्या वर्षी गूस वोल्ट या अमेरिकन माणसानं नुसतं तेच पाणी आणि साखर वापरून मेरँग केलं आणि ते जगभर पसरलं. पुस्तक डब्यातल्या चण्यांचं पाणी वापरतं. घरी करायचं तर चणे कमी पाण्यात, मीठ-सोडा न घालता कुकरला लावायचे आणि त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी पाणी चिकट, जेलीसारखं झालं तर ते फेटण्याजोगं. पातळ असलं तर आटवून घ्यायचं. इलेक्ट्रिक बीटरनं दहा-बारा मिनिटं फेटल्यावर पांढराशुभ्र फेस आला, भांडं उपडं केलं तरी पडला नाही. सासूबाई इतका वेळ दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘ह्या पाण्याची दोन वाट्या आमटी झाली असती.’

ओव्हनमध्ये १०० अंशांवर दीड-दोन तास सुकवून ते कुरकुरीत झाले. पण तो जुलै होता. बाहेर काढून ठेवलेले मेरँग संध्याकाळपर्यंत हवेतलं पाणी ओढून चिकट झाले. पावसाळ्यात हे करू नये, किंवा केले तर गार होताक्षणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत आणि त्याच दिवशी संपवावेत.

चहाचा प्रश्न सुटलेला नाही. सोयाचं दूध उकळत्या, आल्याच्या चहात घातलं की फाटतं. चहा जरा निवू देऊन, दूध गरम करून मिसळलं तर टिकतं, पण मग तो आपला उकळलेला चहा राहत नाही. घरी केलेलं ओट्सचं दूध गरम झालं की पिष्टामुळं खिरीसारखं ओघळतं. विकतच्या ओट्सच्या दुधात विकरं घालून त्या पिष्टाची साखर केलेली असते, म्हणून ते पातळही राहतं आणि गोडही लागतं. आमच्याकडं त्यातल्या त्यात काजूचं पातळ दूध बरं ठरलं, तेही गॅस बंद केल्यावर. लेकीनं शेवटी गवती चहा घालून कोरा चहा धरला. सासूबाई तिच्यासमोर बसून दुधाचा पितात आणि दोघींचं उत्तम चाललंय.

एक गोष्ट पुस्तकात कोपऱ्यात छापली होती, ती पहिल्या पानावर हवी होती. बी-१२ हे जीवनसत्त्व निव्वळ वनस्पतींच्या आहारातून भरवशानं मिळत नाही. दूध घेणाऱ्यांतही ते कमी असलेले पुष्कळ भेटतात. लेकीचं रक्त तपासून डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे. तीळ, नाचणी, पालेभाज्या घरात होत्याच, त्यांचं प्रमाण मी वाढवलं.

पुस्तकातलं बरंचसं आता माझ्या पेन्सिलीनं भरलंय. टोफू आठवड्याला होतो. शेंगदाण्याच्या दह्याचं विरजण फ्रिजमध्ये एका वाटीत कायम असतं. पुरणपोळीवर लेकीसाठी तुपाऐवजी नारळाचा जाड रस, आणि तो बघून आता बाकीचेही मागतात. काजूच्या चीजच्या पानावर मात्र मी काट मारून ठेवली आहे. महाग, फसवं आणि भाकरीबरोबर खाता न येणारं.

शेवटच्या प्रकरणात टेम्पे आहे. सोयाबीन शिजवून, कोरडं करून त्यावर एक बुरशी वाढवायची, म्हणजे ती दाणे विणून त्याची घट्ट वडी करते. मूळ जावा बेटावरचा पदार्थ. त्या बुरशीला तीस अंशांच्या आसपास उबदार हवा लागते. पुस्तकात त्यासाठी ओव्हनचा दिवा लावून ठेवायला सांगितलंय, ऑक्टोबरातल्या पुण्यात त्याची गरज पडू नये. बुरशीची पुडी मागवली आहे. देवघराशेजारच्या फडताळात सगळ्यात बरी ऊब असते, तिथंच ठेवावं म्हणते. फक्त सासूबाईंना तिथं काय वाढवणार आहे ते अजून सांगितलेलं नाही.